सिस्टर का टिकत नाहीत?

(चिखलोली इथल्या युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचं लिखित रूप)



परवा १२ मे झाला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस, म्हणून जगभर परिचारिका दिन. तुमच्याही व्हॉट्सअॅपवर पांढरी टोपी, हातात दिवा आणि ‘परिचारिका म्हणजे जमिनीवरचा फरिश्ता’ असा संदेश आला असेल. माझ्याकडे चार आले. त्यातला एक आमच्या नात्यातल्या मुलीने पाठवला होता. तिने जीएनएम केलं, तीन वर्षं एका खासगी रुग्णालयात काढली आणि गेल्या वर्षी नोकरी सोडली. संदेशाखाली तिने स्वतःची एक ओळ जोडली होती : ‘फरिश्त्याला पगार लागत नाही, जेवायला सुट्टी लागत नाही आणि घरी जायला लोकल लागत नाही.’

आज मला याच ओळीवर बोलायचं आहे. मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण माणसं नोकरी का सोडतात, हा प्रश्न आमच्या क्षेत्रात फार गांभीर्याने घेतात. मोठ्या आयटी कंपन्या दर तिमाहीला नफ्याच्या आकड्यांबरोबर गळतीचा आकडाही जाहीर करतात. २०२२ मध्ये इन्फोसिसचा हा आकडा २८.४ टक्क्यांवर गेला होता आणि टीसीएसचा २१.५ टक्क्यांवर. पेपरात मथळे आले. लगेच पगारवाढ झाली, बढत्या झाल्या. ‘आजकालच्या इंजिनिअरांमध्ये सेवाभाव उरलेला नाही,’ असं त्या वेळी कुणीही म्हटलं नाही.

नर्सने नोकरी सोडली की मात्र आपण नेमकं हेच म्हणतो. ‘लग्न झालं असेल.’ ‘गल्फला गेली असेल.’ ‘आताच्या मुलींना कष्ट नकोत.’ कारण शोधायचं ते तिच्या स्वभावात किंवा तिच्या घरात. ती जिथे काम करत होती त्या जागेकडे कुणी बोट दाखवत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की नर्स टिकते की जाते, हे मुख्यतः कामाच्या जागेच्या रचनेवर ठरतं. रचना माणसांनी केलेली असते, म्हणून ती मोजता येते, तिच्याबद्दल विचारता येतं आणि ती बदलताही येते.

हा विषय इथे चिखलोलीत का? कारण आपण सगळे याच पट्ट्यात आजारी पडतो. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, कामगार विम्याचं रुग्णालय, अंबरनाथचं छाया रुग्णालय आणि बदलापूरपर्यंत पसरलेली छोटी-मोठी नर्सिंग होम, हीच आपली धाव. त्यापुढे कळवा, सायन, जे. जे. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले, ते तुम्हाला आठवत असेल. आपल्या भागातले रुग्णही तिथे पाठवले जातात. दोन महिन्यांनी नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले. दोन्ही वेळा औषधांची, डॉक्टरांची, खाटांची चर्चा झाली. त्या रात्री एका सिस्टरकडे किती रुग्ण होते, हा प्रश्न फार थोड्या लोकांनी विचारला.

दुसरं कारण असं की आपल्या मोहल्ल्यांतल्या किती तरी मुली हे शिक्षण घेत आहेत. कुणी एएनएम, कुणी जीएनएम, कुणी बीएस्सी नर्सिंग. अनेक घरांत कमावणारी ही पहिली मुलगी असते. अंबरनाथला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झालं, २०२४ मध्ये एमबीबीएसच्या १०० जागांना परवानगी मिळाली. आनंदाची गोष्ट आहे. पण १०० भावी डॉक्टर शिकवायचे तर मोठं रुग्णालय लागतं आणि ते रुग्णालय चोवीस तास चालवतात त्या परिचारिका. डॉक्टरांच्या जागांची बातमी झाली. परिचारिकांच्या जागांची झालेली माझ्या तरी वाचनात नाही.

आता थोडा हिशेब करू. इंजिनिअर बोलायला उभा राहिला की आकडे येणारच.

तीस खाटांचा एक वॉर्ड घ्या. शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डसाठी भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे तीन खाटांमागे एक परिचारिका. म्हणजे दहा जणी. तीन पाळ्यांत वाटल्या तर एका पाळीला साधारण तिघी. दिवसाच्या तीन पाळ्या, आठवड्याचे सात दिवस. तीन त्रिक नऊ, नऊ सत्ते त्रेसष्ट. आठवड्याला त्रेसष्ट ड्युट्या भरायच्या आहेत. दहा जणींनी आठवड्याची एक सुट्टी घेतली तर हातात येतात साठ. म्हणजे कुणी आजारी पडली नाही, कुणी बाळंत झाली नाही, कुणाच्या घरी मयत झाली नाही, तरीही तीन कमीच.

म्हणूनच रजेसाठी वर ३० टक्के राखीव पदं धरायला सांगितली आहेत. म्हणजे तेरा जणी आणि अठ्ठ्याहत्तर ड्युट्या. आता थोडा श्वास घेता येतो. पण खर्च वाचवायचा झाला की पहिली कात्री लागते ती याच राखीव पदांना, कारण कागदावर ती ‘जास्तीची’ दिसतात. समजा, ती तीन पदं भरलीच नाहीत आणि उरलेल्या दहांपैकी दोघी सोडून गेल्या. राहिल्या आठ, ड्युट्या अठ्ठेचाळीस. पंधरा कमी. ही तूट कुठून भरून काढतात? त्या आठ जणींच्या सुट्टीतून, त्यांच्या झोपेतून, त्यांच्या ईदमधून. तरीही नाही भरली तर तीस रुग्णांना तिघींऐवजी दोघी.

मग त्या आठांतली एखादीच नोकरी शोधू लागते, तसं नाही. आठही जणी शोधू लागतात. आमच्याकडे एक सर्व्हर पडला की त्याचा भार बाकीच्यांवर जातो. बाकीचे आधीच काठोकाठ भरलेले असतील तर एकामागोमाग एक सगळे बसतात. वॉर्डमध्येही तसंच होतं. दोघी गेल्याने तिसरी जाते. तिसरीला आपण ‘सेवाभाव नाही’ असं म्हणतो, पण तिला घालवलेलं असतं न भरलेल्या पदांनी.

हा माझा तर्क नाही. २००२ साली लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण ३० दिवसांच्या आत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. त्याच एका जास्तीच्या रुग्णामुळे नर्स मनाने पार थकून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी आणि कामावर नाराज असण्याची शक्यता १५ टक्क्यांनी वाढते. म्हणजे नर्सची दमछाक आणि रुग्णाचा जीव एकाच दोरीने बांधलेले आहेत. कॅलिफोर्निया राज्याने १९९९ मध्ये कायदाच केला. एका नर्सकडे जास्तीत जास्त किती रुग्ण, हे तिथे ठरलेलं आहे. साध्या वॉर्डात पाच, अतिदक्षता विभागात दोन.

दुसरी गोष्ट ड्युटीच्या तक्त्याची. एका खासगी रुग्णालयासाठी ड्युटी लावण्याचं सॉफ्टवेअर करण्याच्या कामात मी काही महिने होतो. त्यांनी दिलेल्या मागण्यांच्या यादीत ड्युटी आयत्या वेळी बदलण्याची सोय सगळ्यात वर होती. नर्सला पुढच्या महिन्याचा तक्ता आधी दिसावा, दोघींना आपसांत ड्युटी बदलता यावी, अमुक दिवशी सुट्टी हवी असं नोंदवता यावं, हे यादीत कुठेच नव्हतं. आम्ही विनंतीचा एक रकाना सुचवला. उत्तर आलं, ‘नको, मागायची सवय लागेल.’

त्या रकान्याला खर्च जवळजवळ नव्हता. पण ज्या बाईला उद्या सकाळ की रात्र हे आज संध्याकाळी कळतं, तिने मुलाला शाळेतून कसं आणायचं? आजारी सासूला दवाखान्यात कधी न्यायचं? इथून परळला जायला सव्वा-दीड तास लागतो. सकाळी सातची ड्युटी असेल तर पहाटेच घर सोडावं लागतं. पगार तोच असतो, काम तेच असतं, पण आपल्या आठवड्यावर आपला थोडा तरी ताबा असला तर माणूस टिकतो. जिथे ही मुभा आहे तिथे परिचारिका आपसांत किती सुंदर जुळवून घेतात : ‘दिवाळीला मी थांबते, ईदला तू थांब.’ म्हणजे दिवाळीला मुस्लिम सिस्टर थांबते आणि ईदला हिंदू सिस्टर. सलोख्यावर आपण एवढी भाषणं करतो, तो या तक्त्यात रोज चालू असतो. फक्त तक्त्यात तेवढी जागा हवी.

तिसरी गोष्ट पैशांची. २९ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या स्थितीवर समिती नेमायला सांगितलं. त्या समितीच्या शिफारशी आपल्या प्रत्येक नर्सिंगच्या मुलीला पाठ असायला हव्यात. २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात राज्य सरकारच्या त्याच दर्जाच्या परिचारिकेइतका पगार. १०० ते २०० खाटा असतील तर त्याहून फार तर १० टक्के कमी. ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी. आणि ५० खाटांच्या आतल्या छोट्या रुग्णालयातही महिन्याला किमान २० हजार रुपये. रजा, कामाचे तास, वाहतूक, निवास हेही सरकारी परिचारिकांसारखं. केरळमध्ये परिचारिका संघटित झाल्या, रस्त्यावर उतरल्या आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने किमान २० हजारांचं वेतन अधिसूचित केलं. आपल्या आसपासच्या नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्या बहिणीला तिचा पगार विचारा आणि या आकड्यांशी ताडून पाहा. घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, ही शिकवण आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. तिचा अर्थ वेळेवर पगार इतका तर आहेच. मजुरी रास्त असावी, हेही त्यात येतंच.

पगार देण्याऐवजी माणूस अडकवून ठेवण्याची एक पद्धत आहे. बाँड लिहून घ्यायचा, मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवून घ्यायची. २०११-१२ मध्ये मुंबई, दिल्ली आणि केरळमध्ये खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांनी संप केले, तेव्हा पगाराइतकाच मोठा मुद्दा हा होता. सरकारी बाजूला वेगळी अडचण. मे २०२२ च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, ते बाहेरच्या एजन्सीमार्फत कंत्राटी भरती करण्याच्या विरोधात. अकरा महिन्यांच्या कागदावर आलेली मुलगी बाराव्या महिन्याचा विचार पहिल्या दिवसापासून करत असते. तिच्याकडून आपण दहा वर्षांच्या निष्ठेची अपेक्षा कशी करणार?

चौथी गोष्ट रात्रीची. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. ड्युटी संपवून त्या तळघरात कपडे बदलायला गेल्या होत्या. पुढे ४२ वर्षं त्या अंथरुणाला खिळून राहिल्या आणि १८ मे २०१५ रोजी गेल्या. केईएमच्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची शुश्रूषा केली, हे आपण कौतुकाने सांगतो. पण त्याच परिचारिकांनी त्या हल्ल्यानंतर कामाच्या सुरक्षित परिस्थितीसाठी संपही केला होता, हे सांगायचं राहून जातं. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. रात्रीच्या ड्युटीत ती सेमिनार हॉलमध्ये विसावली होती. दोन घटनांत पन्नास वर्षांचं अंतर आहे आणि प्रश्न तोच : रुग्णालयात बाईला कपडे बदलायला, पाठ टेकायला कडी लागणारी एक खोली आहे का?

याच महिन्यात आपल्या बदलापुरात शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर लोक रेल्वे रुळांवर उतरले होते. तो राग खरा होता. पण राग ओसरल्यावर खोली, कडी, दिवा, कॅमेरा, रात्रीची गाडी या कंटाळवाण्या गोष्टी मागत राहावं लागतं. त्यासाठी कायदे आहेत. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, हा २०१३ चा कायदा. रुग्णालयात डॉक्टर-परिचारिकांवर हात उचलणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हा महाराष्ट्राचा २०१० चा कायदा. आणि इथे मी तुम्हा तरुणांनाही सांगतो. आपला माणूस दाखल झाला की वीस-पंचवीस पोरं घेऊन वॉर्डात घुसायचं, सिस्टरवर आवाज चढवायचा, हे आपल्याकडेही होतं. तिच्या नोकरी सोडण्यात आपलाही वाटा असू शकतो.

पाचवी गोष्ट मानाची. १९८३ मध्ये अमेरिकेत एक उलटा प्रश्न विचारला गेला. सगळीकडे नर्सेसची टंचाई असताना काही रुग्णालयांत त्या टिकतात, ते का? १६३ रुग्णालयं पाहून ४१ निवडली. त्यांना ‘मॅग्नेट’, म्हणजे लोहचुंबक रुग्णालयं म्हटलं गेलं. तिथे दिसलं ते असं : परिचारिकांचं प्रमाण पुरेसं होतं, वेळापत्रक लवचिक होतं, शिकायला संधी होती, आणि वॉर्डचे निर्णय घेताना नर्सला विचारलं जात होतं. आपल्याकडे वीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या परिसेविकेला विचारतात का, की औषधांची ट्रॉली कुठे ठेवायची?

आपल्या मुलींच्या बाबतीत मानाला आणखी एक पदर आहे, डोक्यावरच्या रुमालाचा. काही मुली बांधतात, काही बांधत नाहीत. निवड त्यांची. पण जी बांधते तिला ‘इथे चालणार नाही’ एवढंच ऐकवून परत पाठवतात. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत संसर्ग टाळण्यासाठी कोपराखाली हात उघडे ठेवण्याचा नियम आला तेव्हा मुस्लिम कर्मचाऱ्यांनी अडचण सांगितली. २०१० च्या सुधारित सूचनांमध्ये वापरून फेकून देता येणाऱ्या बाह्यांची वाट काढली गेली. २०१९ मध्ये डर्बीच्या रुग्णालयात फराह रोस्लान या डॉक्टरच्या पुढाकाराने ऑपरेशन थिएटरसाठी एकदाच वापरायचे निर्जंतुक हिजाब आले. स्वच्छतेच्या नियमात सूट कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. नियमाचा हेतू काय, हे दोन्ही बाजूंनी बसून पाहिलं. मान म्हणतात तो हाच.

आता घराकडे येऊ. रुग्णालयाला प्रश्न विचारायचे आणि घराला सोडायचं, हे आपल्या चळवळीला शोभणार नाही. स्थळ पाहताना ‘मुलगी नर्स आहे, पगार चांगला आहे’ हे आवडतं. निकाहानंतर ‘नाइट ड्युटी नको’ सुरू होतं. रात्रपाळी करून आलेली सून सकाळी आठला झोपली तर शेजारी बोलतात. पहिल्या इस्लामी काळात हजरत रुफैदा अल-अस्लमिया यांचा शुश्रूषेचा तंबू मदिन्यात खुद्द मस्जिद-ए-नबवीत होता. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज यांना तिथेच नेलं गेलं, हे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. त्या तंबूत जखमी काही फक्त दिवसाउजेडी येत नसतील. चौदाशे वर्षांपूर्वीच्या नर्सचा अभिमान आणि घरातल्या नर्सच्या रात्रपाळीची लाज, दोन्ही एकत्र कसं चालेल?

आणि भावांनो, हे बायकांचंच काम आहे असं कुणी सांगितलं? नर्सिंगला मुलगेही जातात. वॉर्डात त्यांना ब्रदर म्हणतात. बेकार बसण्यापेक्षा हा विचार जरूर करा.

शेवटी, करायचं काय? तीन गोष्टी सांगतो.

ज्या मुली मुलाखतीला जाणार आहेत त्यांनी पाच प्रश्न विचारावेत. रात्री एका नर्सकडे किती रुग्ण असतात? तक्ता किती दिवस आधी लागतो? पगार बँकेत जमा होतो का आणि नेमणूकपत्र मिळतं का? कपडे बदलायची आणि विश्रांतीची खोली कुठे आहे? मागच्या वर्षी किती जणी सोडून गेल्या? शेवटच्या प्रश्नाला समोरचा गडबडला तर समजून घ्या. आणि मूळ प्रमाणपत्र कुणाच्याही हाती ठेवू नका. दाखवा, साक्षांकित प्रत द्या, घरी परत आणा.

ज्या आधीच नोकरीत आहेत त्यांनी एकटीने भांडू नये. संघटनेत जा. वॉर्डच्या पाच जणींनी मिळून लिहिलेल्या अर्जाला जेवढं वजन असतं तेवढं एकीच्या रडण्याला नसतं.

तिसरं काम तुम्हा सगळ्यांचं. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. आपल्या पट्ट्यातल्या प्रत्येक सरकारी आणि पालिका रुग्णालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला विचारा : परिचारिकांची मंजूर पदं किती, भरलेली किती, कंत्राटी किती, गेल्या तीन वर्षांत किती जणींनी राजीनामा दिला, आणि रात्रपाळीत प्रत्येक वॉर्डात किती जणी असतात. उत्तरं आली की मी त्यांचा तक्ता करून देतो, ते माझं काम. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे आपलं चिखलोली स्थानक मंजूर आहे, इमारती वाढताहेत, माणसं वाढताहेत. रुग्णालयंही वाढतील. त्यांतल्या परिचारिकांचा आकडा आपण आत्तापासून मोजायला लागलो, तर दोन वर्षांनी नगरपालिकेत जाऊन बोलताना आपल्या हातात कागद असेल.

अर्जाचा नमुना बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. जाताना एकेक घेऊन जा.

जय संविधान.